प्रसाद आणि सही

धर्मग्रामात श्रद्धेविषयी व्याख्यान झाले, तरुणांचे शिबिर झाले किंवा कुटुंबमेळावा झाला, की प्रश्नोत्तरांच्या वेळी एक प्रश्न हटकून विचारला जातो : "फादर, कचेरीत सत्यनारायणाचा प्रसाद दिला, तर घ्यावा की घेऊ नये?" त्याच्या पाठोपाठ त्याची भावंडेही येतात. शेजाऱ्यांच्या गणपतीपुढे हात जोडावेत का? दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा होते, तिथे उभे राहावे की बाहेर जावे? कुणी कपाळाला गंध लावले, तर ते पुसावे की राहू द्यावे? विचारणारा मनापासून विचारतो, फादरही मनापासून उत्तर देतात आणि सभा समाधानाने चहाला उठते.

ह्या सभांतून दुसऱ्या एका जातीचे प्रश्न मात्र सहसा ऐकू येत नाहीत. "फादर, साहेबांनी खोट्या बिलावर सही करायला सांगितली, तर करावी की करू नये?" "मी ज्या दवाखान्यात कामाला आहे, तिथे गर्भाचे लिंग खुणेने सांगितले जाते. मी काय करावे?" "बहिणीची सही घेऊन सातबाऱ्यावरून तिचे नाव कमी केले, ते योग्य झाले का?" हे प्रश्न आपल्या आयुष्यात नाहीत, असे कोण म्हणेल? ते रोजचेच आहेत. पण ते श्रद्धेचे प्रश्न आहेत, असे आपल्याला वाटतच नाही. आपण ते व्यवहाराच्या खात्यात टाकून मोकळे झालो आहोत. आणि व्यवहारात श्रद्धेला विचारायचे नसते, अशी आपली सोयीस्कर समजूत आहे.

अख्रिस्ती लोकांत राहून आणि त्यांच्याबरोबर काम करून ख्रिस्ती श्रद्धा कशी जपावी, ह्या विषयावर आपल्याकडे पुष्कळ बोलले आणि लिहिले जाते. माझा आक्षेप त्या बोलण्याच्या रोखावर आहे. आपण धोका भलत्याच दिशेला शोधत आहोत. शेजाऱ्याने आणून दिलेला प्रसादाचा द्रोण आपण संशयाने न्याहाळतो आणि पुढ्यात आलेल्या कागदावर डोळे मिटून सही करतो. श्रद्धेची खरी कसोटी त्या सहीच्या वेळी लागत असते.

पौलाने दिलेले उत्तर

प्रसादाचा प्रश्न क्षुल्लक आहे, असे मी म्हणत नाही. तो जुना आहे, एवढेच नव्हे, तर त्याचे उत्तरही जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात करिंथ ह्या गजबजलेल्या बंदराच्या शहरात मूठभर ख्रिस्ती लोक असंख्य देवळांच्या सावलीत राहत होते. बाजारात मिळणारे बरेचसे मांस देवळांत बळी दिलेल्या जनावरांचे असे. ते खावे की नाही, हा त्यांच्यापुढचा पेच होता. संत पौलाने इ. स. ५५ च्या सुमारास त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याची उकल केली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : मूर्तीला स्वतःचे काही सामर्थ्य नाही, तेव्हा बाजारात विकले जाणारे मांस फार चौकशा न करता खावे. शेजाऱ्याने जेवायला बोलावले, तर जावे आणि वाढलेले आनंदाने खावे. मात्र आपल्या खाण्यामुळे एखाद्या दुबळ्या भावाची सदसद्विवेकबुद्धी गोंधळत असेल, तर त्याच्या प्रेमाखातर ते सोडून द्यावे. आणि एक मर्यादा सांभाळावी : प्रभूच्या मेजावर बसणाऱ्याने दुसऱ्या वेदीच्या उपासनेत सहभागी होऊ नये.

ह्यात आजच्या माणसाला पुरेसा प्रकाश आहे. शेजारधर्म पाळावा, उपासना मात्र एकाच परमेश्वराची करावी. शेजारीण तिच्या घरच्या मोदकांचे ताट घेऊन दाराशी आली, तर तिच्या मायेचा अपमान करू नये. आरतीचे तबक हातात दिले, तर आपण का थांबतो आहोत, हे नम्रपणे सांगावे. समजूतदार शेजाऱ्याला ते समजते. आपण नाताळात कुसव्यांचे ताट घेऊन तिच्या दाराशी जातो, तेव्हा तीही हाच विवेक करीत असते.

पण वाचकहो, हेच पत्र आपण पुरते वाचत नाही. ज्या पौलाने मांसाचा प्रश्न एवढ्या उदारपणे सोडवला, तोच त्याच पत्रात थोडे आधी कडाडला आहे. पाचव्या अध्यायात तो खुलासा करतो, की लोभी, लुबाडणारे आणि अनाचारी ह्यांच्याशी संबंध ठेवू नका असे मी लिहिले, ते जगातील परक्या लोकांविषयी नव्हते. तसे असते, तर तुम्हाला हे जगच सोडून जावे लागले असते. त्याचा रोख होता, तो स्वतःला 'भाऊ' म्हणवून घेणाऱ्या आणि तरीही लोभी व लुबाडणारा असलेल्या माणसावर. सहाव्या अध्यायात तर त्याचा संताप अनावर होतो. भाऊ भावाला न्यायालयात खेचतो आणि तेही विश्वास न ठेवणाऱ्यांच्या समोर, ह्याची तो त्यांना लाज वाटायला लावतो. अन्याय सोसण्याऐवजी तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच फसवता आणि तेही आपल्या भावांना, असा त्याचा आरोप आहे.

म्हणजे पौलाच्या दृष्टीने करिंथच्या ख्रिस्ती समाजाला अधिक मोठा धोका होता, तो त्याच्या आतूनच. शेजारच्या देवळाहून त्याला आपल्याच बंधूचा हावरा हात अधिक भयंकर वाटला. आपण त्याच्या पत्रातील मांसाचे अध्याय उचलले आणि लबाडीचे अध्याय मिटून ठेवले.

अविश्वासी कोण?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण २.३ टक्के आहे आणि महाराष्ट्रात ते एका टक्क्याहूनही किंचित कमी आहे. तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांचा दिवस अख्रिस्ती माणसांच्या सहवासात जातो. लोकलच्या डब्यात, बँकेच्या काउंटरवर, शाळेच्या शिक्षक-खोलीत, भाजीच्या घाऊक बाजारात आणि रुग्णालयाच्या पाळीत आपण त्यांच्या खांद्याला खांदा लावून वावरतो. ह्या सर्वांना आपण बोलण्याच्या ओघात 'अविश्वासी' म्हणतो. हा शब्द जरा तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

पहाटे उठून तुळशीला पाणी घालणारी आणि आषाढीला उपवास करणारी आपली शेजारीण अविश्वासी नाही. पाच वेळा नमाज पढणारा आपला सहकारी तर नाहीच नाही. त्यांचा विश्वास आपल्याहून वेगळा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचे आपले निवेदन प्रसिद्ध केले आणि त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे, ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, हे स्वच्छ सांगितले. त्याला आता साठ वर्षे होऊन गेली. आपली भाषा मात्र अजून तिथवर पोहोचलेली नाही.

मग जे खरोखर देव मानीत नाहीत, त्यांचे काय? महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर देव मानणारे नव्हते. भोंदूगिरीविरुद्ध कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षे झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो कायदा विधिमंडळात संमत झाला. त्यांच्या निरीश्वरवादाशी आपले मतभेद आहेत आणि राहतील. पण स्वर्गाची आशा नसलेला माणूस आपल्याला पटलेल्या गोष्टीसाठी एवढी किंमत मोजतो आणि पुनरुत्थानावर विश्वास ठेवणारे आपण बढती हुकेल ह्या भीतीने गप्प बसतो! अशा वेळी 'अविश्वासी' हा शब्द कुणासाठी वापरायचा?

विश्वास म्हणजे विसंबणे. ज्याच्यावर आपण संकटात विसंबतो, त्याच्यावर आपला विश्वास असतो. रविवारी 'मी परमेश्वरावर विश्वास ठेवतो' असे म्हणणारा माणूस सोमवारी खोट्या कागदावर विसंबत असेल, वशिल्यावर आणि पाकिटावर विसंबत असेल, तर त्याचा खरा देव कोणता, हे सांगायला धर्मपंडित लागत नाही. शेजारच्या टेबलावरच्या अख्रिस्ती कारकुनालाही ते दिसते.

दोन सबबी

ह्यावर आपल्याकडून दोन सबबी पुढे केल्या जातात. पहिली अशी, की सगळेच करतात. आपण एकट्याने सोवळे राहून काय होणार? दुसरी अशी, की आपण अल्पसंख्य आहोत; दिवस कठीण आहेत; उगीच कुणाच्या डोळ्यांवर कशाला या?

पहिल्या सबबीचे उत्तर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने यार्देन नदीच्या काठी देऊन ठेवले आहे. त्याच्याकडे जकातदार आले, शिपाई आले. ते परक्या सत्तेच्या यंत्रणेत काम करणारे लोक होते आणि त्या यंत्रणेत सगळेच वरकमाई करीत होते. योहान त्यांना असे म्हणाला नाही, की ही नोकरी सोडा आणि माझ्याबरोबर रानात चला. त्याने जकातदारांना ठरल्यापेक्षा अधिक न घेण्यास सांगितले. शिपायांना धाकदपटशा आणि खोटे आरोप न करण्यास व आपल्या पगारात समाधान मानण्यास सांगितले. लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात हा संवाद आहे. आगमनकाळात दर तीन वर्षांनी आपण तो मिस्सेत ऐकतो. पश्चात्तापाचे फळ म्हणून योहानाने जे मागितले, ते सारे कामाच्या जागेवरचे आहे. तिथे धूपही नाही आणि उपवासही नाही. आहे तो फक्त पैशाचा आणि अधिकाराचा स्वच्छ व्यवहार.

दुसरी सबब अधिक खोल आहे, कारण तिच्यात थोडे सत्य आहे. दिवस खरोखरच सोपे नाहीत. संशयाने पाहणारे डोळे वाढले आहेत. पण भय आणि लबाडी ह्यांची सांगड कशी बसते, ते मला उमगत नाही. प्रामाणिकपणामुळे एखाद्या समाजाचा द्वेष वाढला, असे कुठे घडले आहे? आपण अल्पसंख्य आहोत म्हणून खोट्या हिशेबावर सही करतो, असे म्हणणे म्हणजे आपल्या भित्रेपणाला समाजहिताचा अंगरखा चढवणे होय.

श्रद्धा ठामपणे आणि तरीही कुणाला न दुखवता कशी जपता येते, ह्याचे एक उदाहरण आपल्या देशाच्या न्यायालयीन इतिहासात आहे. १९८५ साली केरळातील एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकले. ती यहोवाज् विटनेसेस ह्या पंथाची होती. राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेला अनुसरून ते गात नसत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. मुले आदराने उभी राहत होती, त्यात राष्ट्रगीताचा अवमान नाही, असे न्यायालयाने मानले. त्या पंथाची शिकवण आपल्याला मान्य नाही. राष्ट्रगीत आपण अभिमानाने गातो. मुद्दा वेगळा आहे. त्या मुलांनी शाळेला शिव्या दिल्या नाहीत, गाणाऱ्यांना हिणवले नाही आणि तरीही आपली जागा सोडली नाही. ह्या देशाच्या संविधानाने अशा माणसाला आधार दिला आहे. आधार मागण्यासाठी मुळात काहीतरी जपलेले असावे लागते, एवढेच.

सातबाऱ्यावरची बहीण

आता आपल्या घरात येऊ. कचेरीतील खोटेपणाविषयी बोलणे त्यामानाने सोपे आहे, कारण तिथे साहेब असतो, यंत्रणा असते, दोष द्यायला कुणीतरी सापडते. पण जिथे साहेब आपणच असतो, तिथे आपण काय करतो?

मृत्युपत्र न करता ख्रिस्ती माणूस वारला, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे विधवेचा एक-तृतीयांश वाटा वगळून उरलेली मालमत्ता सर्व अपत्यांत समान वाटली जाते. मुलगा आणि मुलगी असा भेद तो कायदा करीत नाही. आपल्या हिंदू भगिनींना एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क मिळण्यासाठी महाराष्ट्रात १९९४ पर्यंत आणि देशभर २००५ पर्यंत वाट पाहावी लागली. आपल्या मुलींकडे समान वाट्याचा कायदा त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आणि प्रत्यक्षात काय घडते? वडिलांचा महिन्याचा मिस्सा होतो न होतो, तोच बहिणींना माहेरी बोलावले जाते. जेवण गोडाधोडाचे होते. मग हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. "तुझ्या लग्नात एवढा खर्च केला," असे कुणी म्हणतो. "माहेर हवे की जमीन हवी?" असे कुणी विचारतो. बहीण डोळे पुसते आणि सही करते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तो कागद नोंदला जातो, तलाठी फेरफार घालतो आणि रविवारी ती सर्व भावंडे एकाच बाकावर गुडघे टेकतात.

सगळी हक्कसोडपत्रे अशीच होतात, असे नव्हे. एखादी बहीण खुशीने, भावाची अडचण ओळखून आपला वाटा सोडते. तो तिचा मोठेपणा आहे. पण जिथे माहेर तुटण्याची धमकी हीच शाई असते, तिथे तो कागद कायद्याने वैध ठरला, तरी परमेश्वरापुढे तो चोरीचाच कागद आहे. त्या कचेरीत समोर बसलेला अधिकारी बहुधा अख्रिस्ती असतो. त्याच्यासमोर आपण ख्रिस्ताविषयी जे काही सांगायचे, ते त्या पाच मिनिटांत सांगून झालेले असते. पौलाने करिंथकरांना ज्या गोष्टीची लाज वाटायला लावली, ती हीच होती.

ह्याच प्रश्नावर केरळात एका ख्रिस्ती स्त्रीने झुंज दिली. त्रावणकोरच्या १९१६ च्या वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, ह्यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळे. मेरी रॉय ह्यांनी त्याला आव्हान दिले आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की तिथल्या ख्रिस्ती लोकांनाही १९२५ चाच कायदा लागू आहे. ह्या लढ्यात मेरी रॉय ह्यांना आपल्याच समाजाचा रोष पत्करावा लागला. ख्रिस्तात स्त्री-पुरुष असा भेद नाही, हे पौलाने गलतीकरांना लिहिले होते. ते मान्य करवून घेण्यासाठी ख्रिस्ती स्त्रीला एका लौकिक न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, ही गोष्ट आपण नीट ध्यानात घेतली पाहिजे.

जमिनीचाच विषय निघाला आहे, तर वसईला विसरून चालणार नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी हरित वसईच्या चळवळीत पुढाकार घेतला, तेव्हा तिथल्या बागा, विहिरी आणि गोडे पाणी वाचवण्यासाठी त्यांच्याबरोबर हिंदू होते, मुसलमान होते, कुठलाच देव न मानणारेही होते. आणि जमिनी विकून मोकळे होणाऱ्यांत आपलेही लोक होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. जमीन विकणे पाप नव्हे. गरजेपोटी विकावीही लागते. पण परमेश्वराने निर्माण केलेल्या सृष्टीचे राखणदार आहोत असे म्हणणाऱ्यांनी विहिरीचे पाणी टँकरवाल्याला विकायचे आणि शेजारचा अख्रिस्ती बागाईतदार चळवळीत लाठी खायला तयार व्हायचा, तर श्रद्धा कुणी राखली? २०२० साली दिब्रिटो धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आपल्याला अभिमान वाटला. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले, तेव्हा आपण रडलो. त्यांनी जे मागितले होते, ते मात्र अभिमानाने आणि अश्रूंनी भागणारे नव्हते.

एकट्याने उभे राहणारे

श्रद्धेसाठी एकट्याने उभे राहिलेल्या दोन प्रापंचिकांची आठवण इथे करतो. दोघेही धर्मगुरू नव्हते, संन्यासी नव्हते. दोघांनाही घर होते, काम होते.

पहिले, संत देवसहायम. त्रावणकोरच्या मार्तंड वर्मा राजाच्या पदरी ते अधिकारी होते. १७४१ च्या कुलाचलच्या लढाईनंतर राजाच्या सेवेत आलेल्या द लानोय ह्या युरोपीय सेनानीकडून त्यांना ख्रिस्ती श्रद्धेची ओळख झाली आणि १७४५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांना दरबारच्या रोषाला सामोरे जावे लागले. १७४९ साली त्यांना पकडण्यात आले, अपमानित करून गावोगाव फिरवण्यात आले आणि १४ जानेवारी १७५२ रोजी गोळ्या घालून ठार मारण्यात आले. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांना संतपद दिले. भारतातील ते पहिले प्रापंचिक संत. त्यांच्यावर रोष ओढवण्याचे एक कारण असे होते, की उच्च जातीत जन्मूनही ते सर्व जातींच्या लोकांत समानतेने मिसळत. श्रद्धा बदलली आणि जेवणाची पंगतही बदलली. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या श्रद्धा आहे; सोयरीक जमवताना मात्र आपण आधी काय विचारतो, ते प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

दुसरे, फ्रान्झ येगरश्टेटर. ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड ह्या खेड्यातील हे शेतकरी, घरी पत्नी आणि तीन लहान मुली. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, त्यानंतरच्या सार्वमतात त्या गावातून विरोधी मत देणारे ते एकटेच होते. १९४३ साली त्यांनी हिटलरच्या सैन्यात लढण्यास नकार दिला आणि ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांच्या कथेतील सर्वांत बोचरी गोष्ट वेगळीच आहे. ते गाव अविश्वासी नव्हते, सबंध कॅथलिक होते. तिथले शेजारी त्यांना समजावीत होते, की बायकामुलांचा विचार कर. त्यांच्या महागुरुस्वामींनीही त्यांना कुटुंबाच्या जबाबदारीची आठवण करून दिली. ख्रिस्तसभेने २००७ साली त्यांना धन्य म्हणून घोषित केले. जिवंत असताना मात्र 'जरा जमवून घे' असे सांगणारे सगळे आपलेच होते.

हे वाचून कुणी म्हणेल, की आम्हाला कुठे गोळ्या घालणार आहेत? तेच तर माझे म्हणणे आहे. आपल्याकडून रक्त मागितले जात नाही. मागितली जाते ती एखादी वेतनवाढ, एखादी सोयीची बदली, बहिणीच्या वाट्याची दहा गुंठे जमीन. एवढी स्वस्त किंमतही आपण मोजीत नाही आणि वर प्रसादाच्या शिऱ्यावरून आपल्या श्रद्धेची काळजी करतो.

धर्मग्रामाने काय करावे

नुसता दोष देऊन थांबणे मला मान्य नाही. प्रामाणिक माणसाला एकटे पाडून त्याच्याकडून शौर्याची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. खोटी सही नाकारणाऱ्या तरुणाची नोकरी खरोखर जाऊ शकते. घरभाडे थकते, मुलांची फी थकते. अशा वेळी त्याच्या दारात धर्मग्रामातले कोण जाते? पुराच्या वेळी आपण धान्य गोळा करतो, आजाऱ्यासाठी निधी उभा करतो; सदसद्विवेकबुद्धीपायी कामावरून गेलेल्या माणसासाठी एखादा निधी का असू नये? प्रत्येक धर्मग्रामात वकील असतात, निवृत्त अधिकारी असतात, हिशेबतपासनीस असतात. वरिष्ठांकडून तोंडी हुकूम आला, तर तो लेखी कसा मागावा, नकार नम्रपणे आणि कागदावर कसा नोंदवावा, तक्रार कुणाकडे करावी, हे तरुणांना शिकवणारी एक संध्याकाळ ठेवता येणार नाही का? गर्भलिंग-निदानाला बंदी करणारा कायदा १९९४ चा आहे. त्याखाली कुणाकडे जावे, हे आपल्या परिचारिकांना आणि तंत्रज्ञांना कुणी सांगितले आहे?

दुसरी गोष्ट आपल्या सन्मानांची. चर्चच्या सणाला पहिल्या रांगेतील खुर्च्यांवर कोण बसतो? स्मरणिकेचे मलपृष्ठ कुणाच्या जाहिरातीला जाते? शाल आणि श्रीफळ कुणाच्या हाती पडते? देणगीची रक्कम वाचून दाखवली जाते. ती कुठून आली, हे विचारले जात नाही. आयुष्यभर चोख हिशेब ठेवून एका खोलीच्या घरात निवृत्त झालेल्या कारकुनाला आपण कधी व्यासपीठावर बोलावले आहे काय? मुले आपली प्रवचने ऐकत नाहीत. ती त्या खुर्च्यांकडे पाहतात आणि काय मोलाचे, ते शिकतात. आडातच नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार? आपल्या संस्थांचेही तेच. प्रवेशासाठी किंवा नेमणुकीसाठी 'ऐच्छिक' देणगी मागणाऱ्या कचेरीच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असेल, तर ती काढून ठेवावी किंवा ती मागणी बंद करावी. दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत.

तिसरी गोष्ट प्रायश्चित्त संस्काराची. आपल्या मनोनिरीक्षणाच्या छापील पत्रकांतून प्रार्थना चुकली का, मिस्सा चुकला का, राग आला का, हे प्रश्न असतात. त्यांत कामाविषयीचे चार प्रश्न घालावेत : कुणाची मजुरी बुडवली का? खोटे लिहिले का? अधिकार वापरून कुणाला घाबरवले का? कुणाच्या हक्काचे घेतले का आणि घेतले असेल, तर परत केले का? जक्कयाने आपल्या घरी आलेल्या प्रभूपुढे पश्चात्तापाचे भाषण केले नाही. ज्यांना लुबाडले, त्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले. तारण त्या घरी त्याच दिवशी आले.

श्रद्धा आणि रोजचे जीवन ह्यांची फारकत हा आपल्या युगातील गंभीर दोषांपैकी एक आहे, असा इशारा व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात दिला. तो इशारा उद्देशून होता तो आपल्यालाच.

तेव्हा पुढच्या मेळाव्यात प्रसादाचा प्रश्न आला, तर फादरांनी दोन मिनिटांत पौलाचे उत्तर द्यावे आणि उरलेला वेळ दुसऱ्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा. आणि वडिलांच्या पश्चात ज्यांनी बहिणीची सही दडपणाखाली घेतली आहे, त्यांनी येत्या उपवासकाळाची वाट पाहू नये. तिचे घर बहुधा फार दूर नसते. तिथे जावे, तिचा वाटा काय होतो, ते तिच्यासमोर मांडावे आणि तो तिला द्यावा. शेजारी कोणत्या धर्माचे आहेत, ह्याने त्या कामात काही अडत नाही.